वाऱ्याला शाळेत आणणारे गुरुजी

काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या घरच्या लग्नानिमित्त बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका खेड्यात चार दिवस राहण्याचा योग आला. गाव लहान, कौलारू घरांचे. मध्यभागी क्रूस, क्रुसासमोर पटांगण आणि पटांगणापलीकडे शाळेची बैठी इमारत. क्रूस आणि शाळा यांच्या मधोमध एका लोखंडी खांबावर सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा बसवलेला होता. माथ्यावर काळसर निळे तावदान, त्याखाली दिवा आणि बुंध्याशी बॅटरीची पत्र्याची पेटी. गावची वीज वरचेवर जाते. अशा वेळी सायंप्रार्थनेला जमणाऱ्या वृद्धांना आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना त्या दिव्याचा आधार व्हावा, हा तो बसवण्यामागील हेतू. परंतु दिवा लागत नव्हता. दीड वर्षापासून लागत नाही, असे यजमानांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गुरुजींशी गाठ पडली. आम्ही खांबापाशी बोलत उभे असताना सहावीतला एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, दिवा बिघडला म्हणजे त्याच्यात नेमके काय झाले?" गुरुजी प्रामाणिक गृहस्थ. ते म्हणाले, "बाळ, ते मला ठाऊक नाही. बसवणारे येतील तेव्हा सांगतील." बसवणारे दीड वर्षात आले नव्हते.

गंमत अशी, की त्याच मुलाला मी सहज विचारले, तेव्हा त्याने ऊर्जेच्या अक्षय साधनांची नावे घडाघडा म्हणून दाखवली. सूर्य, वारा, पाणी, जैववायू, भरती-ओहोटी. एकही चुकला नाही. पुस्तकातील धडा त्याला मुखोद्गत होता आणि त्या धड्यातील वस्तू त्याच्या डोक्यावर बंद पडून उभी होती. या दोहोंमधील अंतर कोणी आणि कसे भरून काढावयाचे, हा विचार त्या दिवसापासून मनात घोळत राहिला. पुढे वाचता वाचता लक्षात आले, की हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तरेकडील एका खेड्यातल्या शिक्षकापुढे उभा होता आणि त्याने तो सोडवून दाखवला. त्या शिक्षकाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

सीमेवरची शाळा

डेन्मार्क हा चिमुकला देश. डोंगर नाहीत, कोळशाच्या खाणी नाहीत, मोठ्या नद्याही नाहीत. आहे तो समुद्र, सपाट शेतजमीन आणि तीवरून अखंड वाहणारा वारा. सन १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात या देशाचा पराभव झाला आणि दक्षिणेकडील मोठा प्रदेश हातचा गेला. त्या प्रदेशात रोडिंग नावाच्या गावी, सन १८४४ मध्ये निघालेली, शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी चालवलेली एक शाळा होती. ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारातून अशा शाळांची कल्पना पुढे आली होती. त्यांना 'लोकशाळा' म्हणत. तेथे परीक्षा नसत, पदव्या नसत. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली, की तरुण मुले येऊन राहत. इतिहास, भाषा, गणित, गाणी आणि शेतीचे ज्ञान घेऊन ती पुन्हा आपल्या गावी जात.

सीमारेषा सरकली आणि रोडिंगची शाळा परक्या राज्यात गेली. तेव्हा शिक्षकांनी हार न मानता सन १८६५ मध्ये नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोव नावाच्या खेड्यात तीच परंपरा पुन्हा सुरू केली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या वाचकांना अशा प्रसंगी शाळा म्हणजे काय असते, हे वेगळे सांगावयास नको. घर, शेत, नातीगोती यांच्यामधून रेषा गेल्यावर आपली भाषा आणि आपले शहाणपण जेथे जपले जाते, ती जागा म्हणजे शाळा.

याच आस्कोवच्या शाळेत सन १८७८ मध्ये पॉल ला कूर नावाचे एक गृहस्थ गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्यास आले. त्यांचा जन्म सन १८४६ चा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी खेड्यातील शाळेत येणारा हा मनुष्य कोणी सामान्य उमेदवार नव्हता. हवामानशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता आणि सन १८७२ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या हवामान संस्थेत ते उपसंचालक होते. तारायंत्राच्या एकाच तारेतून एकाच वेळी अनेक संदेश कसे पाठवावेत, या विषयावर त्यांनी महत्त्वाचे शोध लावले होते. त्या काळी जगातील मोठमोठे संशोधक याच प्रश्नाच्या मागे लागले होते. पुढे लोक ला कूर यांना 'डेन्मार्कचे एडिसन' म्हणू लागले. असा मनुष्य राजधानी सोडून शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावयास आला, ही गोष्टच विचार करण्यासारखी आहे.

त्यांची शिकवण्याची रीतही निराळी होती. गणिताचा नियम फळ्यावर लिहून तो पाठ करवून घेणे त्यांना रुचत नसे. ज्या मनुष्याला तो नियम पहिल्यांदा सापडला, त्याच्यापुढे कोणती अडचण होती, तो कोठे चुकला आणि शेवटी वाट कशी सापडली, हे ते क्रमाने सांगत. मुलेही त्या वाटेने चालत जाऊन नियमापर्यंत पोहोचत. या रीतीवर त्यांनी सन १८८१ मध्ये 'ऐतिहासिक गणित' हे पुस्तक लिहिले आणि पुढे पदार्थविज्ञानावरही असेच पुस्तक सिद्ध केले. शेतकऱ्याच्या मुलाला विद्या परकी वाटू नये, ती आपल्यासारख्याच माणसांनी धडपडून मिळवली आहे असे वाटावे, हा त्यांचा हेतू होता.

वारा तर फुकट आहे!

त्या सुमारास विजेचा प्रसार होऊ लागला होता. परंतु तो शहरांत. वीज तयार करण्याची वाफेची यंत्रे मोठी आणि खर्चाची, कोळसा बाहेरून आणावा लागे. ला कूर यांना स्पष्ट दिसू लागले, की शहरात दिवे आणि यंत्रे आली आणि खेडे अंधारात राहिले, तर खेड्यातील हुशार मुले एकेक करून शहराची वाट धरतील. मागे राहतील ती म्हातारी माणसे आणि ओसाड घरे. ही चिंता आपल्या किती गावांना आजही लागून आहे, याचा अनुभव प्रत्येकाने आपापल्या वाड्याकडे पाहून घ्यावा.

खेड्यापाशी कोळसा नव्हता, पण वारा होता. डेन्मार्कमध्ये दळणाच्या पवनचक्क्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. मग त्याच वाऱ्याने वीज का करू नये? सन १८९१ मध्ये सरकारी साहाय्य मिळवून ला कूर यांनी शाळेच्या आवारात चार पात्यांची एक प्रायोगिक पवनचक्की उभारली. शाळेच्या खिडकीतून दिसणारी ती चक्की हाच पुढील सतरा वर्षे तेथील विद्यार्थ्यांचा मोठा फळा झाला.

पहिली अडचण आली ती वाऱ्याच्या लहरीपणाची. झुळूक आली की चक्की मंद, झोत आला की सुसाट. दळण थोडे भरड-बारीक झाले तरी चालते. परंतु वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला एकसारखी गती लागते. वाऱ्याचा हा स्वभाव किती अनावर असतो, ते एका हिशोबावरून कळेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही. ती आठपट होते. कारण एका क्षणात पात्यांवरून दुप्पट हवा जाते आणि त्या हवेच्या प्रत्येक कणात पूर्वीच्या चौपट ऊर्जा असते. दोन गुणिले चार म्हणजे आठ. वेग निम्म्यावर आला, की शक्ती उलट आठव्या हिश्श्यावर येते. यावर ला कूर यांनी वजनांच्या तोलावर चालणारी एक नियंत्रक योजना बसवली. तिच्या सुधारलेल्या, सोप्या रूपात चक्कीकडून येणाऱ्या पट्ट्यावरचा ताण वजनांमुळे कायम राही. वारा अनावर झाला, की पट्टा थोडा घसरे आणि यंत्राला हवी तेवढीच शक्ती पोहोचे. गावातील लोहारालाही समजेल आणि दुरुस्त करता येईल अशी ती रचना होती.

दुसरी अडचण याहून कठीण. वारा पडला म्हणजे दिवा कशावर लावावयाचा? त्या काळच्या बॅटऱ्या महाग असत आणि त्यांची निगा राखणे जिकिरीचे असे. ला कूर यांनी वेगळीच वाट शोधली. पाण्यातून वीज सोडली, की पाणी फुटून दोन वायू निघतात. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. गारुती नावाच्या एका इटालियन संशोधकाच्या सहकार्याने त्यांनी वाऱ्याच्या विजेवर हे वायू तयार करून टाक्यांत साठवण्यास प्रारंभ केला. वारा असेल तेव्हा वायू साठवावा आणि रात्री त्यावर दिवे लावावेत. सन १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे आस्कोवच्या शाळेत या वायूचे दिवे जळत होते. हायड्रोजन साठवण्याची बारा घनमीटरची टाकी होती. तिच्या बळावर वारा पडलेल्या दिवसांतही शाळा अंधारात राहिली नाही.

हे सर्व निर्वेध पार पडले असे मात्र नाही. हायड्रोजनमध्ये थोडासा जरी ऑक्सिजन मिसळला, तरी ते मिश्रण स्फोटक होते. अशा स्फोटांमुळे शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने एकदा नव्हे, अनेकदा नवी बसवावी लागली. शाळेच्या चालकांनी आणि पालकांनी त्या वेळी काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. परंतु चक्की बंद झाली नाही. चूक कोठे झाली हे शोधून काढणे, हाच त्या शाळेतला धडा होता.

पाती किती असावीत?

सन १८९७ मध्ये आस्कोवला दुसरी, मोठी चक्की उभी राहिली. त्या सुमारास ला कूर यांनी आणखी एक मोलाचे काम केले. पंख्याने हवा सोडता येईल अशा मोठ्या नळ्या तयार करून त्यांनी लहान लहान पात्यांच्या चाचण्या घेतल्या. अशा प्रकारच्या, हवेच्या नळीतील प्रयोगांत ते जगातील आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक होत. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी, की पाती जितकी अधिक तितकी चक्की जोरदार. विहिरीचे पाणी उपसण्यासाठी पुष्कळ पात्यांच्या चक्क्या वापरीत. त्या संथ परंतु जोराने फिरतात आणि त्या कामाला ते योग्यच आहे. परंतु ला कूर यांच्या मोजमापांवरून दिसून आले, की वीज करावयाची असेल तर थोडी, वेगाने फिरणारी आणि योग्य बाक दिलेली पातीच सरस ठरतात. आज साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर, देवासजवळच्या टेकड्यांवर किंवा गदगच्या बाजूला फिरणाऱ्या उंच पवनचक्क्यांना केवळ तीन पाती का, याचे उत्तर या शाळकरी प्रयोगांच्या वाटेनेच पुढे मिळत गेले.

सन १९०२ च्या सुमारास वायूच्या दिव्यांची जागा विजेच्या दिव्यांनी आणि सुधारलेल्या बॅटऱ्यांनी घेतली आणि आस्कोवची चक्की साऱ्या गावाला वीज पुरवू लागली. खेड्याने आपल्या वाऱ्यावर आपले दिवे लावले! सन १९०३ मध्ये ला कूर यांच्या पुढाकाराने वाऱ्याच्या विजेचा प्रसार करणारी एक संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी या एकाच विषयाला वाहिलेले एक नियतकालिकही निघाले.

शेतकऱ्यांची मुले वायरमन होतात

ला कूर यांची खरी थोरवी मात्र पुढील गोष्टीत आहे. गावोगावी चक्क्या बसवून दिल्या म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटले नाही. चक्की बसेल, पण ती बिघडल्यावर कोण पाहील? शहरातून कारागीर येईपर्यंत गाव अंधारात बसेल आणि चार-सहा महिन्यांत लोक म्हणतील, 'जुना कंदीलच बरा होता.' म्हणून सन १९०४ पासून आस्कोवच्या शाळेत त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी विजेच्या कामाचा खास वर्ग सुरू केला. तारा ओढणे, जोडणी करणे, यंत्राची देखभाल, बॅटऱ्यांची निगा आणि या साऱ्यांमागील शास्त्र, असे सर्व त्यांना शिकवले जाई. शिक्षण झाले, की ही मुले आपापल्या भागात परतत आणि तेथील दिवे सांभाळीत. ज्या मुलांनी खेडे सोडले असते, त्यांनाच खेड्याचा दिवा राखण्याचे काम मिळाले.

सन १९०८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ला कूर यांचे आस्कोव येथेच निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, सन १९१८ मध्ये, डेन्मार्कमध्ये सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांपाशी पवनचक्की होती. त्या बहुधा २० ते ३५ किलोवॉट शक्तीच्या असत आणि देशातील विजेच्या सुमारे तीन टक्के वीज त्यांच्यापासून मिळे. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे इंधन दुर्मिळ झाले, तेव्हा याच चक्क्यांनी कित्येक गावांना हात दिला.

पुढे दिवस पालटले. इंधन पुन्हा स्वस्त झाले, मोठ्या वीजकेंद्रांच्या तारा खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि चक्क्या एकामागून एक बंद पडल्या. ला कूर यांचे कार्य वाया गेले, असेच त्या वेळी पाहणाऱ्यास वाटले असते. परंतु सन १९०४ च्या त्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. तो पुढे विजेच्या कामात शिरला, त्यात त्याने आयुष्य काढले आणि साठीच्या घरात आल्यावर गुरूने दिलेला धडा पुन्हा हाती घेतला. सन १९५७ मध्ये गेडसर या समुद्रकाठच्या ठिकाणी यूल यांनी २०० किलोवॉटची, तीन पात्यांची, २४ मीटर व्यासाची पवनचक्की सुरू केली. वादळात चक्की बेभान होऊ लागली, तर पात्यांची टोके आपोआप वळून तिला आवरतील, अशीही योजना त्यांनी केली. ही चक्की सन १९६७ पर्यंत चालली आणि तिने फारशी दुरुस्ती मागितली नाही.

सन १९७३ मध्ये खनिज तेलाचे संकट आले. साऱ्या जगाचे डोळे उघडले आणि वाऱ्याकडे वळले. अमेरिकेच्या अवकाश संस्थेलाही या जुन्या चक्कीची मोजमापे हवी होती. त्यासाठी ती दुरुस्त करून सन १९७७ ते १९७९ या काळात पुन्हा फिरवण्यात आली. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थ्याची यंत्ररचना अशा रीतीने जगाच्या अभ्यासाचा विषय झाली. सन १९७८ मध्ये ट्विंड येथील शाळेतल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि मदतीला आलेल्या लोकांनी स्वतः खपून ५४ मीटर व्यासाची प्रचंड पवनचक्की उभी केली. त्या संस्थेच्या नावाभोवती पुढे पुष्कळ वाद उठले; परंतु शाळेच्या हातांनी एवढे यंत्र उभे राहू शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सॅमसो नावाच्या सुमारे चार हजार वस्तीच्या बेटाने सन १९९७ मध्ये केवळ अक्षय ऊर्जेवर जगण्याचा संकल्प सोडला आणि सन २००३ पर्यंत जमिनीवर अकरा व समुद्रात दहा चक्क्या उभारल्या. तेथील शेतकऱ्यांना घरोघरी आणि सभांतून ही गोष्ट पटवून देणारे सोरेन हर्मानसेन हे त्याच बेटावरच्या शेतकऱ्याचे पुत्र आणि पेशाने शिक्षक.

अलीकडच्या वर्षांत डेन्मार्कमध्ये निर्माण होणाऱ्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज एकट्या वाऱ्यापासून मिळते. यात सरकारचे धोरण, कारखानदारांचे कौशल्य आणि तेलाच्या संकटाने बसलेला चिमटा या सर्वांचा वाटा आहे; सारे श्रेय शाळेला देणे सत्याला धरून होणार नाही. तरीही या साखळीच्या एका टोकाला हात लावला, तर तो आस्कोवच्या वर्गखोलीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे नाकारता येत नाही.

आपल्या अंगणातले धडे

"त्यांच्याकडे चक्की होती, आमच्या शाळेत तर प्रयोगाचे साहित्यही नाही," असे कोणी म्हणेल. परंतु ला कूर यांची रीत घ्यावयास पैसा लागत नाही. आईबापांना आणि शिक्षकांना सहज करता येण्यासारखे काही धडे येथे देत आहे.

पहिला धडा जुन्या सायकलीचा. डायनॅमो आणि दिवा असलेली जुनी सायकल पुष्कळ घरांत अडगळीत पडलेली सापडेल. ती उलटी ठेवावी आणि मुलाला हाताने पायडल फिरवू द्यावे. प्रथम डायनॅमो चाकापासून दूर ठेवून, मग चाकाला लावून परंतु दिव्याची तार सोडवून, आणि शेवटी तार जोडून. दिवा लागताच पायडल अधिक जड झाल्याचे मुलाच्या हाताला कळेल. वीज फुकट येत नाही, प्रकाशाची किंमत कोणीतरी श्रमाने मोजत असते, हे सांगण्यास मग शब्दांची आवश्यकता राहत नाही. खोलीत कोणी नसताना जळणारा दिवा मालवण्याची सवयही उपदेशावाचून लागते.

दुसरा धडा भिरभिऱ्याचा. पुठ्ठ्याची दोन, तीन, चार आणि आठ पात्यांची भिरभिरी करून एकाच वाऱ्यात धरावी. कोणते लवकर सुरू होते, कोणते अधिक वेगाने फिरते आणि कोणते दोऱ्याला बांधलेला खडा वर ओढते, हे मुलांनी वहीत लिहावे. मग पात्यांचा बाक बदलून पुन्हा पाहावे. उत्तर आधी सांगू नये. तेच तर ला कूर यांचे गमक.

तिसरा धडा वाऱ्याच्या वहीचा. शाळेच्या आवारात उंच बांबूला कापडाची फीत बांधावी. ती लोंबकळते, थोडी हलते, की आडवी फडफडते, आणि कोणत्या दिशेस, हे रोज ठराविक वेळी वर्षभर नोंदवावे. आपल्या पश्चिम भारतात जून ते ऑगस्ट या महिन्यांत वारा जोरात असतो आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगांआड जातो. उन्हाळ्यात बहुधा याच्या उलट. एकाची उणीव दुसरा कशी भरून काढतो, हे मुलांना स्वतःच्या अक्षरांत लिहिलेल्या वहीतून दिसेल. भारतात आज पंचेचाळीस हजार मेगावॉटहून अधिक शक्तीच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या कोणत्या महिन्यांत अधिक कमावतात, याचे उत्तर त्या बांबूच्या फितीपाशी मिळते.

चौथा धडा सावलीचा. २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करावी आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा ती मोजावी. गोव्यात आणि बेळगावात ती सुमारे २८ सेंटिमीटर भरेल, हैदराबादेत ३१, वडोदऱ्यास ४१, इंदुरास ४२ आणि ग्वाल्हेरीस ४९. आपल्या समाजाची माणसे या सर्व ठिकाणी आहेत. मुलांनी आत्या-मामांना पत्र लिहून किंवा फोन करून त्यांच्या गावची सावली मागवावी. उत्तरेकडे जावे तसतशी सावली का लांबते, हे समजले, की छपरावरचे तावदान दक्षिणेकडे तोंड करून का बसवतात आणि त्याचा उतार गोव्यात कमी व ग्वाल्हेरीस अधिक का ठेवतात, हेही समजते. साधारणतः गावाच्या अक्षांशाइतका उतार ठेवण्याचा प्रघात आहे. तावदानावर धूळ साचली किंवा झाडाची फांदी आडवी आली, तर वीज घटते, हे तर मुले स्वतःच ताडतील.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. पाण्यातून वीज सोडून वायू मिळवण्याचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच, लहान सेलवर आणि मोकळ्या हवेत करावा. त्यासाठी पाण्यात मीठ घालू नये, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. धुण्याचा सोडा चालतो. घरातील विजेच्या खटक्याशी असल्या प्रयोगाचा संबंध कधीही येऊ देऊ नये. आस्कोवच्या खिडक्या फुटल्या, तेवढ्या पुरे झाल्या!

त्या दिव्याचे काय झाले?

लग्नाच्या धामधुमीनंतर निघण्यापूर्वी मी गुरुजींना आस्कोवची गोष्ट थोडक्यात सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती मलाही ठाऊक नव्हती. परंतु त्या मुलाचा प्रश्न गुरुजींच्याही मनाला लागला असावा. पुढच्या वर्षी त्या गावी गेलो, तेव्हा त्यांनीच सारी हकिकत सांगितली. शेजारच्या गावातील एका वायरमनला त्यांनी सुट्टीच्या दिवशी बोलावून आणले आणि वरच्या वर्गातील मुलांना काही अंतरावर उभे करून पेटी उघडावयास लावली. तावदान चांगले होते, दिवाही चांगला होता. बॅटरीतले पाणी आटून आतील शिशाच्या पट्ट्या कोरड्या पडल्या होत्या. चार महिन्यांतून एकदा शुद्ध केलेले पाणी घातले असते, तर ती अजून काही वर्षे चालली असती. तेवढे कोणी कोणाला सांगितले नव्हते.

जुनी बॅटरी पुन्हा जिवंत झाली नाही. गावाने वर्गणी काढून नवी आणली; त्यासाठी दोन महिने लागले आणि थोडी कुरकुरही झाली. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी वायरमनने शिकवलेल्या रीतीने गुरुजी पेटी उघडतात, पाण्याची पातळी पाहतात आणि मुले तारखेसह ती वहीत लिहितात. आम्लाला हात लावण्याची परवानगी कोणालाही नाही. तावदान पुसण्यासाठी मात्र पाळीवरून भांडणे होतात, असे गुरुजी हसत म्हणाले.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. क्रुसासमोर प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर त्या दिव्याचा पांढरा उजेड पडला होता आणि शाळेच्या पायरीवर तीन-चार मुले पुस्तके उघडून बसली होती. गतवर्षी प्रश्न विचारणारा मुलगा त्यांत होता. मी त्याला मुद्दाम विचारले, "काय रे, दिवा बिघडला होता म्हणजे काय झाले होते?" त्याने पुस्तकातून डोके वर न काढताच उत्तर दिले, "पाणी आटलं होतं. आता नाही आटत."